तिसऱ्या रांगेतले चेहरे

(दृश्य : अंधारं सभागृह. मंच दिसत नाही. फक्त प्रेक्षकांच्या पहिल्या पाच रांगा.)

स्टँडअपचा, म्हणजे एकट्यानं उभं राहून हसवण्याचा, हा कार्यक्रम आम्ही उलट्या बाजूनं टिपला. कॅमेरे दोन होते. एक रीतीप्रमाणे मंचाकडे तोंड करून. दुसरा मंचाच्या कडेला, माईकच्या स्टँडच्या पायाशी, लोकांकडे तोंड करून. पुढे संकलनाला बसलो तेव्हा पहिल्या कॅमेऱ्याचं चित्रण बहुतेक बाजूलाच राहिलं.

सांगली, विश्रामबाग. रविवारची संध्याकाळ. हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, ऐंशी-नव्वद माणसं. मंचावर तासगाव तालुक्यातला एक तरुण. दिवसा तो कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभा असतो, रविवारी इथं. तो बोलतोय ते ऐका. दावण्या हा द्राक्षावरचा बुरशीचा रोग, एवढं लक्षात ठेवा.

(ध्वनी : मुलाचा आवाज.)

"आमच्या तात्यांना घरात कोण आजारी आहे ते ठाऊक नसतं. पण बागेत कुठल्या घडावर दावण्या आलाय, ते झोपेत सांगतील. परवा आजी तापानं फणफणली. मी म्हटलं, तात्या, डॉक्टरला बोलवू का? तात्यांनी आधी आभाळाकडं बघितलं. मग आजीकडं. म्हणाले, सकाळपर्यंत बघू. नायतर एक फवारणी घेऊ."

(दृश्य : तोच क्षण, सावकाश गतीनं.)

आता चेहरे बघा. पहिल्या रांगेत उजवीकडे टोपीवाले आजोबा. 'आभाळाकडं बघितलं' इथंच ते हसायला लागलेत, 'फवारणी'ला टोपी हातात धरावी लागली आहे. दुसऱ्या रांगेत कॉलेजच्या दोन मैत्रिणी. एक हसतेय, दुसरी तिला काहीतरी विचारतेय. ओठ वाचता येतात. "फवारणी म्हणजे?" चौथ्या रांगेत एक निवृत्त शिक्षक, हाताची घडी तशीच. पाचव्या रांगेतली दोन पोरं टोपीवाल्या आजोबांकडे बोट दाखवून हसतायत. विनोद त्यांच्यापर्यंत पोचला की नाही कुणास ठाऊक, आजोबा पोचलेत.

आणि तिसऱ्या रांगेत एक जोडपं. बाईंना हसू आलंय. पण त्यांनी आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग पदर तोंडाला लावला. नवरा समोर बघतोय. त्यांची बाग यंदा गेली.

वाक्य एकच, क्षणही एकच. कार्यक्रम संपल्यावर बाहेर चहाच्या गाडीवर आम्ही विचारलं, तर टोपीवाले आजोबा म्हणाले, "असा पोरगा जिल्ह्यात न्हाई." शिक्षक म्हणाले, "याला विनोद म्हणत नाहीत. हा गावंढळपणा झाला." दोघंही मनापासून बोलत होते. मग कोण हसवतं आणि कोण हसवत नाही यावर माणसं इतकी हट्टाला का पेटतात? गाण्यावरनं माणसं एवढी भांडत नाहीत. जेवणात तर एकाला तिखट, दुसऱ्याला अळणी हे आपण घरातल्या घरात चालवून घेतो. हसण्याचं मात्र तसं होत नाही. आपण हसलो नाही, तर तो माणूस विनोदी नाहीच असं म्हणायची आपली सवय आहे.

(दृश्य : पोथीची पानं. त्यावरून पुन्हा प्रेक्षकांचे चेहरे.)

ही सवय जुनी आहे. भरताचं नाट्यशास्त्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्यात रसांच्या अध्यायात हसण्याचे ६ प्रकार दिलेत. स्मित : गाल किंचित फुलतात, दात दिसत नाहीत. हसित : दात जरासे दिसतात. विहसित : डोळे आणि गाल आक्रसतात, गोड आवाज येतो. उपहसित : नाकपुड्या फुलतात, नजर तिरपी होते, मान आणि अंग आत ओढलं जातं. अपहसित : नको त्या वेळी हसणं, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं हलतं. आणि अतिहसित : मोठा आवाज, डोळे पाण्यानं भरलेले, दोन्ही हातांनी कुशी धरलेल्या.

आम्ही मुद्दाम शोधले. विश्रामबागच्या पाच रांगांत सहाही सापडले. अतिहसित पहिल्या रांगेत, टोपीसकट.

पण ग्रंथ तिथं थांबत नाही. पहिले दोन प्रकार उत्तम माणसांचे, मधले दोन मध्यमांचे, शेवटचे दोन अधमांचे, असं तो सांगतो. हसण्यावरून माणसाची पायरी ठरवायची पद्धत तेव्हापासूनची आहे. चौथ्या रांगेतल्या गुरुजींनी ती शोधून काढलेली नाही. त्यांना ती मिळाली, तशी आपल्या सगळ्यांनाच मिळाली.

(दृश्य : विष्णुदास भावे नाट्यमंदिर. बाहेरून, मग रिकामा रंगमंच, मग खुर्च्यांच्या रांगांवरून सरकणारा कॅमेरा.)

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ते योग्यच आहे. १८४३ साली इथं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' सादर केलं. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ राजेसाहेबांनी पाहिला होता, तसं काही आपल्या भाषेत करा म्हणाले. त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन होतो. दर वर्षी त्या दिवशी भाव्यांच्या नावानं दिला जाणारा गौरवही इथलाच. हे सगळं शाळेतल्या मुलांनाही पाठ असतं.

पण त्या खेळातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. भाव्यांनी लिहिली ती पदं. गद्य बोलणं नटांनी आयत्या वेळी, ज्याच्या त्याच्या हुशारीनं करायचं. सुरुवातीला सूत्रधार यायचा, मग विदूषक, आणि दोघांची बोलाचाली व्हायची. समोर बसलेल्या माणसांकडे बघत, कागदाशिवाय. मराठी रंगभूमीवरचा पहिला हशा हा असा लिहून न ठेवलेल्या बोलण्यातून आलेला आहे.

(दृश्य : तासगाव रस्ता. बुधगाव मागे पडतं. कवलापूरची वेस.)

नाट्यमंदिरापासून तासगावच्या दिशेनं दहाएक किलोमीटर आलं, की कवलापूर. या गावातली दोन नावं उभ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. तमाशातले काळू आणि बाळू. लहू आणि अंकुश खाडे, जुळे भाऊ. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. दोघं हवालदाराच्या वेशात आले की पहिला शब्द उच्चारायच्या आधी कनातीतली माणसं हसायला लागायची. वाळवा तालुक्यात रेठरे हरणाक्ष हे पठ्ठे बापूरावांचं गाव. जन्मानं कुलकर्णी. तमाशात गेले म्हणून त्यांच्या जातीनं त्यांना दूर केलं. त्याच तालुक्यात वाटेगाव, अण्णाभाऊ साठ्यांचं.

एका जिल्ह्यात नाटक आणि तमाशा ही दोन घराणी वाढली. एकाला मंदिर मिळालं, दुसऱ्याला कनात. मधलं अंतर एसटीनं अर्ध्या तासाचं, पण प्रेक्षक वेगळे राहिले. कवलापूरला आम्ही गेलो ते याच कारणानं. स्टँडअप ही कला शहरातून, इंग्रजीतून आपल्याकडे आली असं तरुण मुलं समजतात. एकट्यानं उभं राहून, समोरच्या गावाला अंगावर घेऊन हसवणं कुणाला शिकायचं असेल, तर त्याचे शिक्षक याच रस्त्यावर राहतात.

(दृश्य : घराचं अंगण. बाज. भिंतीला टेकवलेली ढोलकी. म्हातारे सोंगाडे.)

हे आबा. चाळीस वर्षं सोंगाड्याचं काम केलं. आता गुडघे धरलेत म्हणून घरी. बोलता बोलता हात मात्र अजून उभे राहतात, ते बघा.

तमाशात आधी गण, मग गवळण, मग बतावणी, आणि शेवटी वग. वग हे नाटक, त्याला गोष्ट असते. बतावणीला काही नसतं. सरदार आणि सोंगाड्या, दोन माणसं आणि समोर गाव. आबा सांगतात, "वग चुकला तर सावरता येतो. बतावणी पडली की रात पडली."

ती उभी कशी करायची? गाडी गावात पोचली की बाकीचे राहुट्या ठोकायला लागायचे, सोंगाड्या गावात जायचा. पारावर अर्धा तास. न्हाव्याच्या दुकानात अर्धा तास. पिठाच्या गिरणीसमोर थोडा वेळ, कारण तिथं बायका बोलतात. कुणाची विहीर आटली, कुणाचा बैल पडला, सोसायटीची निवडणूक कुठं अडली, सरपंचाच्या गाडीचा रंग कोणता. काही विचारायचं नाही, नुसतं ऐकायचं. रात्री हेच सगळं बोर्डावर, म्हणजे तमाशाच्या मंचावर यायचं. आजची स्टँडअपची मुलं याला 'क्राऊड वर्क' म्हणतात. पण ती मंचावर गेल्यावर विचारतात, "तुम्ही कुठून आलात?" आबांना ते दुपारीच ठाऊक असायचं.

आणि मग बांधणी. आबांनी अंगणात करून दाखवली. सरदाराचं काम पुतण्यानं केलं.

(ध्वनी : दोघांचे आवाज.)

"आपन रंगभूमीची सेवा करतो."

"रंगभूमीला शेवया? दूध घालून का गूळ घालून?"

"आरं शेवया न्हवं, सेवा! जो सेवा करंल तो मेवा खाईल."

"आस्सं! मेवा सरपंचाच्या घरला, आन् शेवया आमच्या पानात व्हय!"

पहिल्यांदा शब्द चुकीचा ऐकायचा. दुसऱ्यांदा चूक दुरुस्त होऊ द्यायची, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं संपलं. तिसऱ्याला तीच चूक उचलून गावात नेऊन ठेवायची. आबांनी बोटांवर मोजून दाखवलं : एक, दोन, आणि तिसरं बोट आमच्या कॅमेरामनच्या छातीवर. सरपंच पुढच्या रांगेत बसलेला असायचा. सगळं गाव आधी त्याच्याकडं बघायचं. तो हसला की हशा फुटायचा. तो हसला नाही तर? आबा म्हणाले, "चिमटा असा काढायचा की बसला पायजे, पर वळ उठता कामा नये. आन् वळ कुणाला उठंल, ते दुपारी पारावर कळतं."

याच ओळी पंधरा मैलांवरच्या दुसऱ्या गावात एकदा गप्प पडल्या होत्या. आबांना नंतर कळलं, तिथल्या सरपंचाच्या घरात चार दिवसांपूर्वी मयत झालं होतं. विनोद तोच होता आणि सोंगाड्याही तोच.

कोरोनाच्या २ वर्षांत जत्रा बंद राहिल्या, फड कर्जात गेले, काहींनी कनाती आणि गाड्या विकल्या.

(दृश्य : विश्रामबागमधला एक फ्लॅट. सोफ्यावर तिघं.)

दुसऱ्या रांगेतल्या त्या दोघी मैत्रिणी आणि त्यांचा एक मित्र. आम्ही त्यांना बतावणीचं एक जुनं ध्वनिचित्रण मोबाईलवर दाखवलं. सात मिनिटं. पंख्याचा आवाज ऐकू येतोय. एकदाही कुणी हसलं नाही. "खूप ओरडून बोलतात," असं मित्र म्हणाला.

(दृश्य : रात्र. कवठेमहांकाळ तालुक्यातलं एक गाव. जत्रेची रोषणाई, धुरळा, भेळेच्या गाड्या, मैदानावर बसलेली माणसं.)

तीन आठवड्यांनी त्याच तिघांना घेऊन आम्ही इथं आलो. आबांचा पुतण्या ज्या फडात आहे, त्या फडाचा खेळ. रात्रीचे अकरा. हलगी तापवली जातेय. ढोलकीच्या पहिल्या थापेला शेकडो माणसं एकदम पुढं सरकली, ती बघा. मुलं मधोमध बसलीत. शेजारच्या मावशींनी त्यांना न विचारता शेंगा दिल्या.

बतावणी सुरू झाली. गावाच्या पाण्याच्या टाकीचा विषय. या मुलांना ती टाकी माहीत नाही, आणि तरीही 'फवारणी म्हणजे?' विचारणारी मुलगी बघा. हसून तिचा तोल गेलाय, ती शेजारच्या मावशींच्या खांद्याला धरून आहे.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन अभ्यासकानं रोजच्या जगण्यातलं हसणं मोजलं होतं. एकटं असताना माणूस जितका हसतो, त्याच्या जवळपास ३० पट तो चारचौघांत हसतो, असं त्याला आढळलं. बहुतेक हसणं विनोदानंतर येतही नाही, साध्या बोलण्यातच येतं. आबांना हे आकड्यांशिवाय माहीत होतं. कनात भरली नसेल तर ते माणसांना उठवून जवळ जवळ बसवायचे. खांद्याला खांदा लागल्याशिवाय हसू एकाकडून दुसऱ्याकडं जात नाही, म्हणायचे. आज आपण सगळे हातातल्या पडद्यावर, कानात इअरफोन घालून, एकेकटे विनोद ऐकतो, आणि मग अमुक माणूस हसवत नाही म्हणून निकाल देतो. ही गोष्ट आम्हाला फार खटकते.

दुसरी मैत्रीण मात्र हसलेली नाही. गवळणीतल्या मावशी या पात्राच्या अंगावरून जे विनोद होतात, ते तिला सहन झाले नाहीत. "बाईच्या अंगावर हसायचं मला जमत नाही," असं तिनं आम्हाला तिथंच, गर्दीत उभं राहून सांगितलं. तिचं म्हणणं बरोबर आहे. आबांनाही ते पटलं. नात कळती होऊन पुढं बसायला लागली, तेव्हा त्यांनी स्वतःच्या किती तरी ओळी सोडून दिल्या होत्या. त्या ओळींवर पूर्वी हमखास हशा यायचा. पण पुढं नात बसल्यावर त्या तोंडातूनच निघेनात.

(दृश्य : निवृत्त शिक्षकांचं घर. पुस्तकांचं कपाट. जुना टेपरेकॉर्डर.)

चौथ्या रांगेतल्या गुरुजींकडे आम्ही पुन्हा गेलो. त्यांच्याकडे पु. ल. देशपांड्यांच्या कथनाच्या कॅसेट आहेत, लेबलं स्वतःच्या अक्षरात. त्यांनी एक लावली आणि डोळे मिटले. बघा : दात दिसत नाहीत, गाल किंचित फुललेत. भरतानं लिहिलंय ते स्मित.

नेदरलँडमध्ये गिसेलिंड कायपर्स या समाजशास्त्रज्ञ बाईंनी याच प्रश्नाचा अभ्यास केला. त्यांना दिसलं की कष्टकरी वर्गातल्या लोकांना खणखणीत आवाजात, चारचौघांत रंगवून सांगितलेला विनोद आवडतो, कारण त्यात सोबत असते. शिकलेल्या वर्गाला तोच गोंगाट वाटतो. त्यांना हवी असते चतुराई. दोन्हीकडचे एकमेकांच्या विनोदाला नावं ठेवतात, आणि त्यात माणसालाच नावं ठेवली जातात. विश्रामबागच्या गुरुजींना आणि तासगावच्या आजोबांना हे लागू पडतं. गुरुजींनी पुढं जे सांगितलं, ते मात्र आम्हाला कुठल्याच अभ्यासात सापडलं नसतं. त्यांचे वडील मिरजेच्या रेल्वेत होते. घरात मोठ्यानं हसलं की मार बसायचा. शेजारी तमाशाला जायचे, यांना खिडकीही उघडायची परवानगी नव्हती. "मला ते हसणं ऐकू यायचं," ते म्हणाले. बाकी तुम्ही त्यांच्या चेहऱ्यावर बघा.

(दृश्य : कृषी सेवा केंद्र. औषधांच्या बाटल्या, काउंटर, गिऱ्हाईक. मुलगा चष्मा पुसतोय.)

आता पुन्हा आपला मुलगा. गेल्या वर्षी तो पुण्यात एका ओपन माइकला गेला होता. जाताना त्यानं भाषेला इस्त्री केली. 'आभाळाकडं'चं 'आकाशाकडे' केलं. 'दावण्या' काढून 'कीड' घातली, आणि 'फवारणी घेऊ' पुण्यात कळणार नाही म्हणून 'इंजेक्शन देऊ' केलं. साठ माणसं शांत. शेवटच्या रांगेत दोघंच हसले. कार्यक्रमानंतर ते भेटायला आले. एक पलूसचा, एक खानापूरचा, दोघंही सांगली जिल्ह्यातले. दोघांनीही त्याला हेच विचारलं, "मूळ वाक्य फवारणी होतं नव्हं?"

कारण ज्याच्या घरी द्राक्षबाग आहे, त्यानं हे वाक्य रोज ऐकलेलं असतं. ढग आले की फवारणी, दव पडलं की फवारणी, शंका आली की एक फवारणी. रात्री दोनला उठून ट्रॅक्टरला ब्लोअर जोडणारा बाप ज्यानं पाहिलाय, त्याला तात्या कुणी सांगावे लागत नाहीत. ते त्याच्या घरात असतात. ज्यानं पाहिलेला नाही, त्याला समजावून सांगेपर्यंत हसू निघून गेलेलं असतं. आणि ज्याची बाग हातातोंडाशी येऊन गेली, त्याला ते वाक्य फार जवळून लागतं. पुण्याचे प्रेक्षक मुलापासून लांब बसले होते, तिसऱ्या रांगेतला माणूस फार जवळ. टोपीवाले आजोबा बरोबर हातभर अंतरावर. त्यांची बाग पाच वर्षांपूर्वी गेली होती.

(दृश्य : आबांचं अंगण. मुलगा बाजेच्या कडेला बसलाय. आबांच्या हातात मोबाईल.)

मुलाला आम्ही आबांकडे घेऊन गेलो. चित्रीकरणात आम्ही एकच गोष्ट स्वतःहून घडवून आणली, ती ही. आबांनी पूर्ण चार मिनिटं त्याचा कार्यक्रम मोबाईलवर पाहिला. हसले नाहीत. मुलगा त्यांच्या तोंडाकडं बघतोय. मग त्यांनी मोबाईल खाली ठेवला.

"बाळ, तुझं चांगलं हाय. पर तू भितूयास."

"कशाला, आबा?"

"गप बसायला. तात्या आजीकडं बघतूय, तितं तू लगीच बोललास. बघू दे की त्याला. म्हातारी तापलीया, ल्योक बघतूय. त्यो काय बोलंल, ह्याची वाट बघू दे गावाला."

आणि त्यांनी करून दाखवलं. आभाळाकडं बघितलं. मग बाजेच्या रिकाम्या जागेकडं, जणू तिथं कुणी निजलंय. कंबरेची चंची सोडली. पान काढलं, देठ खुडला, चुना लावला. बोलले नाहीत. अंगणात कोंबड्यांचाच आवाज आहे, ऐका. मग मान न उचलता, अगदी हळू : "सकाळपातूर बघू."

मुलगा हसला, आणि डोळे पुसले. यातलं कुठलं आधी झालं, ते आम्हाला चित्रणातही सांगता येत नाही.

(दृश्य : तासगाव. दुसरं सभागृह. पुन्हा मंचाखालचा कॅमेरा.)

दीड महिन्यानंतर, तासगाव. कॅमेरा त्याच जागी ठेवला आहे. टोपीवाले आजोबा आलेत, या वेळी नातवाला घेऊन. गुरुजी सांगलीहून एसटीनं आलेत, हाताची घडी आहे. तिसऱ्या रांगेत तेच जोडपं. त्यांना आम्ही बोलावलं नव्हतं.

मुलगा आजीच्या तापापर्यंत आला. तात्यांनी आभाळाकडं बघितलं. मग आजीकडं. मुलगा थांबला. त्याच्याकडे पान नाही, चंची नाही. त्यानं शर्टाची बाही दुमडायला घेतली, एक घडी, दुसरी घडी.

तिसऱ्या रांगेतल्या बाई नवऱ्याकडं बघतायत.

(निवेदन नाही. दृश्य आणि मूळ ध्वनी चालू राहतो.)